जनकामावशीचा वानवळा

कुरुंद्यात आमच्या वस्तीत जनकाबाईचं घर कुठलं म्हणून विचारलंत, तर कुणीही सांगेल, "त्या वानवळेवालीचं व्हय?" नवं काही घरात आलं की त्याचा वाटा आधी शेजारी द्यायचा, तो वानवळा. बाकीच्यांनी ही रीत हळूहळू सोडली, मावशीनं नाही. मजुरीवरून येताना मालकानं हरभऱ्याचे चार डहाळे दिले, तर चूल पेटायच्या आधी त्यातले दोन भागूबाईच्या दारात पोचलेले असायचे.

मी एकदा चिडून म्हटलं, "मावशी, तुमच्याच घरी खायची पंचाईत, अन् वाटत काहून फिरता?"

"एकट्यानं खाल्लेलं अंगी लागत न्हाई, संध्या," ती म्हणाली. अशा बाईशी काय वाद घालायचा?

मी या वस्तीची आशाताई. कुणाचं बाळंतपण, कुणाचा ताप, कुणाचा डोस चुकला, हे सगळं माझ्या गळ्यात. त्यामुळे मावशीची पल्लवीही माझ्याच गळ्यात. नवरा लवकर गेला, पोटी ही एकच, तीही उशिरा झालेली. तान्ही असल्यापासून तिला झटके यायचे. कांदा हुंगवून झाला, चप्पल नाकाला लावून झाली, मग नांदेडच्या डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या. झटके काही हटेनात. नऊ वर्षांची पोरगी, पण कुणी धरल्याशिवाय उभी राहत नव्हती. मावशी हळद शिजवायच्या कामाला गेली की शेजारची भागूबाई तिला सांभाळायची, कारण तिची नात पुजा हिलाही तेच दुखणं होतं. दोन्ही पोरी एका गोधडीवर असायच्या.

अशात कळलं की शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात भांगेच्या झाडातून काढलेल्या एका औषधाची चाचणी सुरू आहे. गोळ्यांना न जुमानणाऱ्या झटक्यांवर ते चालतं का, हे बघायचं होतं. भागूबाई घाबरली. "आमच्या पोरीवर प्रयोग नको बाई," म्हणाली. मावशी मात्र दुसऱ्याच दिवशी पल्लवीला कडेवर घेऊन माझ्या दारात उभी.

तिथल्या डॉक्टर गुंजन मॅडमनी सगळं समजावून सांगितलं. नशा आणणारा भाग यात नाही. काही लेकरांना खरं औषध मिळेल, काहींना नुसतं तेल, आणि कुणाला काय मिळालं ते डॉक्टरांनाही माहीत नसेल. चाचणी संपेपर्यंत जे टिकतील, त्या सगळ्यांना पुढे खरं औषध मिळेल. मावशीची संमती कॅमेऱ्यासमोर घेतली. तिनं पदर सारखा केला आणि कॅमेऱ्याला "जय भीम" घातला. औषध दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही, हे वाचून दाखवलं तेव्हा ती फणकारली, "आमी काय लेकराचं औषध इकणार हाव का?" मॅडम हसल्या. मीही हसले.

गावात हसणारे वेगळेच होते. हॉटेलावरच्या जळबानं विचारलं, "काय मावशी, पोरीला गांजा पाजून राहिल्या म्हणं?"

"व्हय, उरला तर तुलाबी देते. तुझं डोकं तरी ठिकाणावर येईल," मावशी म्हणाली.

आणि गुण आला. दिवसभर येणारे झटके एखाद-दुसऱ्यावर आले. पल्लवी भिंत धरून उभी राहिली. एका सकाळी तिनं "आई" म्हटलं, तर मावशी हातातलं पीठ तसंच घेऊन माझ्याकडे धावत आली. तिला इतकं खुललेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

पुढे हळदीच्या सुगीत पुजाचे झटके वाढले. मग थोडे दिवस कमीही झाले. इकडे पल्लवीचे मात्र पुन्हा वाढायला लागले. ठरलेल्या तपासणीला गेलो तेव्हा मॅडमनी विचारलं, "डोस पूर्ण देता ना?"

मावशीचा चेहरा उजळला. तिला वाटलं, मॅडम खूश होतील. "देते की. अर्धा पल्लवीला, अर्धा पुजाला. तिलाबी लई गुण येऊन राहिला, मॅडम!"

मॅडमनी हातातला पेन खाली ठेवला. पुजाची तपासणी नाही, रक्त पाहिलेलं नाही. हे औषध तिच्या जिवावरही बेतलं असतं, म्हणाल्या. अर्ध्या डोसानं चाचणीचं उत्तरही खोटं येणार. त्यांनी वरच्या साहेबांकडे विनवण्या केल्या, पण पल्लवीचं नाव कापलं गेलं. मावशी सारखी एकच म्हणत होती, "पण म्या तर चोरलं न्हाई. माझ्याच पोरीचं दिलं."

बाजारात तसं औषध मिळेना. मॅडमनी गोळ्या बदलून दिल्या, त्यांचा उपयोग झाला नाही. भिंत धरून उभी राहणारी पोरगी पुन्हा गोधडीवर आली. भागूबाई रोज रडायची. शेवटी मावशीनंच तिला माझ्याकडे पाठवलं, "पुजाला घेऊन जा. रीतीनं नाव घाल." पुजाच्या सगळ्या तपासण्या झाल्या आणि तिला चाचणीत घेतलं.

पहिली बाटली आली त्या संध्याकाळी मी मावशीकडेच होते. पल्लवी नुकत्याच आलेल्या झटक्यानंतर निपचित पडली होती. भागूबाई पदराखाली वाटी झाकून आली. वाटीत पुजाच्या डोसातला अर्धा.

"घे जनका. तू दिलं व्हतंस."

मावशी त्या वाटीकडे बघत राहिली. मग पल्लवीकडे. शेजारची वाटी रिकामी परत करायची नाही हा तिचा जन्माचा नेम. आणि आजवर कुणाचा वानवळा तिनं नाकारलाही नव्हता. तिनं वाटी उचलली आणि भागूबाईच्या हातात ठेवली, जशीच्या तशी.

"पुजालाच पाज. समदा. तिचं नाव कटलं तर मग दोघी बी जातील."

भागूबाई गेल्यावर ती दाराला टेकून बसली आणि मोठ्यानं रडली. मीही रडले.

पुढच्या थंडीत एका पहाटे पल्लवीचा झटका थांबलाच नाही. गाडी येईपर्यंत ती गेली. मला तेव्हा फार राग आला होता, दवाखान्याचा, नियमाचा, मावशीचाही. आजही येतो, पण नेमका कुणावर काढावा ते कळत नाही.

पल्लवीच्या जलदान विधीला सगळी वस्ती जमली. भागूबाई पुजाचा हात धरून आली. दारात तिनं हात सोडला, आणि पुजा फुलांचं ताट घेऊन एकटी, डुलत डुलत, पल्लवीच्या फोटोपर्यंत चालत गेली. ताट ठेवलं.

मावशीनं तिला जवळ ओढलं, डोक्यावरून हात फिरवला.

"चांगली चालून राहिली की गं," ती म्हणाली, आणि आपल्या जेवणाच्या ताटातला पहिला घास तिला भरवला.