पिशवीत एक चिलटही नाही

आत्या काय काम करते, हे शाळेत सांगायची मला लाज वाटायची. बाकीच्यांच्या आत्या शिक्षिका, नर्स. आमची डास मोजायची. आरोग्य खात्यात बावीस वर्षं हेच. स्वभावाने मात्र अशी, की नाकावर माशी बसू देणार नाही.

दर मंगळवारी संध्याकाळी ती शर्यतीच्या घोड्यांच्या तबेल्यात सापळा टांगायची. सापळा म्हणजे छोटा दिवा, त्याखाली पंखा आणि पंख्याखाली जाळीची पिशवी. उजेडाला आलेलं जे काही उडतं, ते पंखा पिशवीत ओढतो. सकाळी पिशवी सोडवायची आणि भिंगाखाली डास निवडून मोजायचे.

त्या वर्षी तबेल्यातली एक तांबडी घोडी मागच्या पायांत लटपटायला लागली आणि तिसऱ्या दिवशी गेली. मेंदूचा ताप. घोड्यापासून माणसाला तो होत नाही. पण ज्या जातीच्या डासाने घोडीला दिला, ती माणसालाही सोडत नाही. तबेल्याच्या मागच्या भिंतीला लागूनच मोतद्दाराची खोली होती. घोड्यांची निगा राखणारा हा माणूस बायको आणि दीड महिन्याच्या मुलीसह तिथे राहायचा. खिडकीला जाळी नव्हती. आत्याचा जीव त्या खिडकीत अडकला होता.

आकडा मर्यादेबाहेर गेला तर तबेला बंद आणि राहत्या खोल्यांना जाळ्या, असा नियम. आणि मोठी शर्यत आठवड्यावर आलेली.

बुधवारी सकाळी पिशवी रिकामी निघाली. तबेल्याचा मॅनेजर दात काढत म्हणाला, "बघा मॅडम, एक डास नाही. स्वच्छता म्हणतात ती ही!"

आत्याने पिशवी उजेडात धरली. डास नव्हता, पण माशीही नव्हती, पाखरूही नव्हतं. लिदेच्या ढिगापासून पाच हातांवर रात्रभर दिवा जळतो आणि चिलटही येत नाही?

"डास तेवढेच वेचायचे होते," ती म्हणाली. "घाईत सगळी पिशवीच झटकलीत की हो."

मॅनेजरचा चेहरा पडला. पण त्याचा फोन आत्याच्या आधी कचेरीत पोचला.

"पिशवी रिकामी ना? मग शून्य लिहा आणि मोकळ्या व्हा," साहेब म्हणाले. "कशाला नसती डोकेदुखी?"

"शून्य मोजल्यावर लिहितात साहेब. मी मोजलं कुठे?"

त्याच संध्याकाळी ती तोंडाने ओढायची काचेची नळी घेऊन तबेल्यात गेली. भिंतीवर बसलेला डास या नळीने हलकेच ओढून घेतात; आत जाळी असते, म्हणून तो पोटात जात नाही. मॅनेजर दारातच आडवा आला. "आज तुमचा वार नाही."

मोतद्दार सगळं ऐकत उभा होता. नोकरीच्या भीतीने त्याने कधी तोंड उघडलं नव्हतं. त्याने हातातला खरारा खाली ठेवला आणि आपल्या खोलीचं दार सताड उघडलं. "ताई, इकडे या. इथे मी राहतो. इथे मी बोलावतोय."

पुढचं मला कचेरीतल्या शिपायाने सांगितलं, तेही तीनदा, दर वेळी तितक्याच चवीने. सकाळी आत्याने साहेबांच्या टेबलावर कागदी पेला ठेवला. तोंडाला जाळी, जाळीला रबर, आत जिवंत डास.

"पाळण्याच्या वरच्या भिंतीवरचे आहेत."

"मॅडम, अहवालात शून्यच जाईल."

"बरं." आत्याने रबराला हात घातला. "शून्यच आहेत, तर काढते जाळी."

साहेबांची खुर्ची मागच्या भिंतीवर आपटली. "थांबा! लिहितो, लिहितो." त्यांनी चाळीस लिहिले. आत्या रबरावरचा हात काढेना.

"सत्तेचाळीस," ती म्हणाली.

दुपारी तबेला बंद झाला, संध्याकाळी मोतद्दाराच्या खिडकीला जाळी बसली आणि महिन्याभरात आत्याच्या हातात लांबच्या बदलीचा कागद पडला. घरात सगळे हळहळले. मला तर रडूच फुटलं.

"रडतेस काय?" नळी पिशवीत टाकत ती म्हणाली. "तिथे काय डास नाहीत?"