अक्काचं नाव

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. अक्काला तर नाहीच — आणि आता तिला सांगायची सोयही उरली नाही. मग तुम्हाला का सांगतोय? कुणास ठाऊक. तुम्ही आमच्या सेलूचे नाहीत, म्हणूनही असेल.

मोबाइलवर मजकूर बसवण्यात मी वस्ताद. त्या एका ॲपवर ठरावीक अक्षरांपुढं एक काना जादा चालत नाही — आणि मराठीत काना, मात्रा, वेलांटी, सगळं वेगळं मोजतात मेले. उरलेल्या अक्षरांचा आकडा लाल झाला की माणसं माझ्याकडं यायची. कुणाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, कुणाचं उद्घाटन, कुणाची रस्त्याची तक्रार. 'तेवढं बसवून द्या की!' मी विशेषणं उडवायचो, 'यांच्या शुभहस्ते' काढायचो, पण नावं सगळी ठेवायचो. नाव गळलं की माणूस जन्मभर बोलत नाही, हे मीच लोकांना ऐकवायचो. लय शहाणा होतो ना मी!

अण्णा — आमचे वडील, शाळामास्तर — गेले, तेव्हा त्यांचे विद्यार्थी कुठं कुठं पांगलेले. म्हणून त्याच ॲपवर पोस्ट मी लिहायला घेतली. अंत्यविधी कुठं, किती वाजता, आणि खाली 'शोकाकुल'. माझं नाव, धाकट्या भावाचं, काकांचं. आणि अक्काचं?

अक्का आमची थोरली बहीण. तिनं परजातीत लग्न केलं, पाथरीला नांदायला गेली. अण्णा कैक वर्षं तिच्याशी बोलले नाहीत. पण शेवटच्या दुखण्यात त्यांनी तिलाच बोलावून घेतलं. तिनं भरवलं तरच खायचे, तिचा हात धरून झोपायचे. बाप सगळं विसरला होता हो — मग मला काय धाड भरली होती? माझ्या पोरीची सोयरीक जुळत आली होती. पाहुणे पोस्ट वाचणार, अक्काचं सासरचं आडनाव बघणार. एवढंच.

तेराव्याला तिनं ती पोस्ट पाहिली. भांडली नाही. नुसतं विचारलं, "बाबू, माझं नाव न्हाई का रे ह्याच्यात?"

"अगं, बसलंच न्हाई अक्का. अक्षरं संपली."

"असं व्हय? असू दे मग."

आणि तिनं ते खरं मानलं! नवऱ्याला, पोरीला, शेजारणींना, विचारील त्याला सांगत राहिली — फोनमदी जागाच कमी असती, बाबू तरी काय करंल? माझ्यासाठी ती लोकांशी भांडायची म्हणे.

जागा होती. नुसतं 'सुमन' लिहिलं असतं, आडनाव न लावता, तरी आरामात बसलं असतं. उलट शेवटी जागा मोकळी दिसायला लागली, म्हणून मी तिथं हात जोडल्याची चित्रं टाकली. एक टाकलं, तरी जागा उरली. मग आणखी टाकली. बहिणीच्या जागी! लाज कशी वाटली नाही मला?

गेल्या हिवाळ्यात अक्का गेली. मी पाथरीला पोचलो तेव्हा भाची, राणी, ओट्यावर फोन घेऊन बसलेली. रडून रडून डोळे सुजलेले. आईची पोस्ट लिहीत होती. मला पाहताच तिनं फोन पुढं केला — "एकदा बघता का, मामा?"

'शोकाकुल'मध्ये पहिलं नाव माझं. आडनावासकट, आणि पुढं 'बंधू'. मग तिच्या बाबांचं. राणीचं शोधलं. नव्हतं.

"तुझं गं?"

"बसलं न्हाई. किती येळचं करून बघायलेय. आई सांगून ठेवायची, 'मामाचं नाव पयलं टाक. अण्णांच्या टायमाला माझं राहिलं तवा त्याला लय वाईट वाटलं होतं.'"

फोन माझ्या हातात होता. 'कळविण्यास अत्यंत दुःख होते' एवढं काढलं की तिचं नाव बसत होतं. एका नजरेत दिसलं मला. पण बसवून दिलं असतं, तर तिनं विचारलं असतं — मग तेव्हा आईचं का नाही बसलं?

"राहू दे," मी म्हणालो. आणि तिच्यादेखत पोस्टचं बटण दाबलं.