बटणापाशी बसायचं काम

मिस्त्रीला ऐकू येत नाही हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. माहीत नव्हतं ते एकट्या मिस्त्रीला. म्हणजे त्यालाही माहीत असणारच, पण सुंभ जळला तरी पीळ थोडाच जातो. "लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात," एवढंच म्हणायचा आणि टीव्हीचा आवाज आणखी वाढवायचा.

फर्निचरच्या कारखान्यात करवतीच्या मशीनवर त्याची उभी हयात गेली. कानात बोळे घाल म्हणून साहेब कानीकपाळी ओरडायचे. हा म्हणायचा, बोळे घातले तर मशीन काय म्हणतंय ते कसं कळणार? पातं बोथट झालंय, लाकडात गाठ आलीय, सगळं त्याला आवाजावरून कळायचं. शेवटी त्याच आवाजानं त्याचे कान खाल्ले.

निवृत्त झाल्यावर गप्प बसेल तर तो मिस्त्री कसला. मागच्या खोलीत त्यानं स्वतःचं मशीन बसवलं. जाड फळ्यांचं टेबल, खाली मोटर आणि मधल्या फटीतून वर आलेलं गोल पातं. बायकोनं समजावून पाहिलं, अबोला धरून पाहिला. पालथ्या घड्यावर पाणी. मग लेकीनं तोडगा काढला : बाबांनी एकट्यानं मशीन चालवायचं नाही, आईनं भिंतीवरच्या बटणापाशी बसायचं. तोडगा कुणीही काढो, बसवतात बाईलाच.

काम तसं सोपं होतं. त्यानं डावा हात वर केला की तिनं बटण बंद करायचं. बटण बंद केलं तरी पातं जरा वेळ फिरत राहतं, आणि ते थांबलं का हे आता त्याला कानानं कळत नव्हतं, डोळ्यांचाही पूर्वीसारखा भरवसा राहिला नव्हता. म्हणून पातं पुरतं थांबल्यावर तिनं मान डोलवायची. तोवर त्याची बोटं पात्याजवळ जायची नाहीत. बाकी नियमांना तो पक्का होता. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, डोळ्यांवर मोठा चष्मा, फळीचं शेवटचं टोक दांडीनंच ढकलायचं. कारखान्यात नव्या माणसाला तो पहिली गोष्ट शिकवायचा : "लाईट गेली की आधी बटण बंद. लाईट आल्यावर मशीन विचारत नाही, तुझा हात कुठंय म्हणून."

त्याची बायको हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला होती. उजाडायच्या आत जायचं आणि ओल्या चादरींचे गठ्ठे उपसायचे. त्या दिवशी दोघीजणी आल्या नव्हत्या, त्यांचंही हिच्याच अंगावर पडलं. दुपारी घरी आली तेव्हा कमरेचा पार काटा ढिला झाला होता. पिशवी ठेवते न ठेवते तोच मिस्त्री म्हणाला, "झालं का तुझं? चल." लेकीच्या घरासाठी पुस्तकांचं कपाट करायचं होतं. त्यानं फळ्यांवर खुणासुद्धा करून ठेवल्या होत्या.

"आज राहू द्या ना," ती म्हणाली.

त्याला ऐकू आलं नाही. की ऐकायचं नव्हतं? इतक्या वर्षांच्या संसारात तो फरक तिला कधी ओळखता आला नव्हता. पुन्हा म्हणायला हवं होतं. पण त्याला एक गोष्ट सांगायची म्हणजे तीनदा सांगावी लागायची, आणि तीनदा सांगण्याइतकं त्राण आज तिच्यात नव्हतं. ती जाऊन खुर्चीत बसली.

मशीन सुरू झालं. त्या आवाजानं इतरांचे दात शिवशिवतात, हिला सवय झालेली. एकसारखी घरघर, पाठीला भिंत. डोळा कधी लागला ते तिला कळलंच नाही.

जाग आली ती आवाज थांबल्यामुळे. मशीन गप्प होतं. स्वयंपाकघरातला फ्रीजही गप्प होता. समोर मिस्त्री टेबलावर वाकलेला, पात्याच्या फटीत एक ढलपी अडकली होती आणि ती तो बोटांनी उचकटत होता. बोटं थेट दात्यांना टेकलेली. आणि तिच्या डोक्यावरचं बटण चालूच.

हाक मारून उपयोग नव्हता. ती उठली, पायांना मुंग्या आलेल्या, भिंतीला धरत तिनं बटणावर हात आपटला. बटण बंद झालं. ती श्वास घेते न घेते तोच स्वयंपाकघरात फ्रीज थरथरला आणि सुरू झाला.

मिस्त्रीची बोटं अजून तिथंच होती. त्यानं सावकाश ढलपी काढली आणि उजेडात धरून पाहिली. "गाठ होती बघ," तो म्हणाला. "बरं झालं, तू वेळेवर बंद केलंस."

गप्प राहिली असती तर कुणाला काही कळलं नसतं.

"मी नाही बंद केलं," ती म्हणाली.

"काय?"

"मी नाही बंद केलं. लाईट गेली होती."

"काय गेलं?"

"लाईट गेली होती. मला झोप लागली होती." हे तिनं इतक्या मोठ्यानं सांगितलं की शेजारच्या खिडकीत कुणीतरी डोकावलं.

आता मिस्त्रीला ऐकू आलं. त्यानं पात्याकडं पाहिलं, बटणाकडं पाहिलं, मग स्वतःचा हात उलटा-सुलटा करून पाहिला आणि फळ्यांच्या ढिगावर मटकन बसला. तिला रडू फुटलं. त्यात भीती थोडी होती, थकवाच जास्त.

"पातं थांबलेलं दिसलं," तो म्हणाला. "म्हटलं, तू आहेस ना बटणापाशी. तुझ्याकडं वळूनही पाहिलं नाही. पण लाईट परत आली हे तुला कसं कळलं?"

"फ्रीज सुरू झाला ना." तिनं स्वयंपाकघराकडं बोट दाखवलं. "त्याचा आवाज आला."

मिस्त्री तिच्या तोंडाकडं बघत राहिला. "आपल्या फ्रीजला आवाज आहे?"

तो फ्रीज घेऊन सहा वर्षं झाली होती.

मिस्त्री उठला. त्यानं मशीनचा प्लग काढला, वायर गुंडाळून टेबलाखाली सारली आणि बटणापाशची खुर्ची उचलून बाहेर नेऊन ठेवली. फळी अर्धी कापलेली तशीच पडून राहिली.

"उद्या रजा टाक," तो म्हणाला. "आधी झोप पुरी कर. मग मला कानाच्या डॉक्टरकडं घेऊन चल."

"बरं," ती म्हणाली.

"काय?"

पुन्हा सांगायचं त्राण तिच्यात नव्हतं. तिनं मान डोलवली.