आईला शून्यावर बसवायचं कसं

माझ्या पोरीला नाशकाच्या कॉलेजात एक काम दिलं होतं. ज्याला कॉम्प्युटरमधलं काहीच येत नाय असा माणूस शोधायचा, पंधरा दिवसांत त्याला एक प्रोग्राम शिकवायचा, आणि शनिवारी त्यानं तो मॅडमसमोर स्वतःच्या हातानं लिहायचा. माणूस चुकला तर मार्क पोरीचे जाणार. दहा मार्क.

तिच्या मैत्रिणींना माणूसच भेटंना. कोणाची मावशी मोबाईल लय चालवायची, कोणाचा काका बँकेत. आमची मात्र जेवता जेवता माझ्याकडं बघायला लागली.

"पप्पा, तुम्ही बसता का?"

"मला काय येतंय?"

"तेच तर!"

बायको तव्यावरून बोलली, "यांच्याहून कोरा माणूस अख्ख्या सायखेड्यात घावायचा नाय."

शाळा मी चौथीत सोडली. म्हणजे शाळेनंच मला सोडलं, मी नुसता घरी आलो. इंग्रजी अक्षरं ट्रॅक्टरच्या नंबरप्लेटीवरून शिकलो, त्यामुळं एम आणि एच तेवढे पक्के.

प्रोग्राम असा. पाच जणांची यादी करायची आणि कॉम्प्युटरनं एकेकाला "जेवायला या" म्हणायचं. मी यादी केली. आई, बायको, पोरगी, म्हैस, मी. पोरगी म्हशीला हसली, पण ठेवली.

पहिले आठ दिवस कुठं टिंब राहिलं, कुठं जागा सोडायची राहिली, की लाल रेघ. नवव्या दिवशी लाल रेघ गेली आणि खरं दुखणं लागलं. मोजायला कुठून सुरुवात करायची तो आकडा आपण लिहायचा असतो.

"शून्य लिहा," पोरगी म्हणाली. "कॉम्प्युटर शून्यापासून मोजतो. आजी शून्य नंबरला, मम्मी एक नंबरला."

"माझी आई शून्य?"

"अहो, नुसती जागा हाय ती!"

आता हिला काय सांगू. आमच्यात धान्य मोजताना पहिल्या मापाला एकसुद्धा म्हणत नाय, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन. शून्य म्हणजे रिकामं माप. भरल्या घरात ते तोंडातून काढलं तर माझ्या बापानं कानाखाली दिली असती. डोक्याला कळायचं, पण बोट आपलं एकावरच पडायचं. मग कॉम्प्युटर बायकोपासून बोलवायला लागायचा. म्हैस जेवायची, आई उपाशी.

आई खाटेवरून रोज विचारायची, "बोलावलं का गं मला?"

"नाय, आजी."

"काय वाकडं केलं मी त्याचं?"

शनिवारी कॉलेजात गेलो. पोरीनं बोलायचं नाय असा नियम, ती भिंतीला टेकून उभी. मॅडमनं खुर्ची दिली, पाणी दिलं. मी एकेक बटण शोधून दाबायला लागलो. मनात एकच, आज आई उपाशी राहायला नको. आणि मला एकदम सुचलं. यादीत पहिलं मीच बसायचं! शून्यावर मी बरा. नाहीतरी जन्मभर तिथंच हाय.

मी, आई, बायको, पोरगी, म्हैस. झ्याक! त्या आनंदात सुरुवातीचा आकडा लिहिला आणि बटण दाबलं.

आई, जेवायला या. सगळ्यात आधी आई! मग बायको, पोरगी, म्हैस. लाल रेघ एक नाय. मी ऐटीत पोरीकडं बघितलं, तर तिनं डोळे मिटलेले. तवा मोजलं. चारच. बोटानं पुन्हा शून्याऐवजी एक लिहून ठेवला होता.

मॅडम म्हणाल्या, "काका, यादीत पाच आहेत. तुम्हाला कुणी बोलावलंच नाही."

"मी मागून जेवतो, मॅडम."

मॅडम लय हसल्या. पेन काय हसलं नाय. दहातले सहा.

गाडीपाशी आल्यावर पोरगी एवढंच बोलली, "पप्पा, एक शून्य लिहायचं होतं हो फक्त." सायखेड्यापर्यंत मी तिच्या पाठीमागं बसून आलो. एवढ्या वाटेत एक विनोद सुचला नाय मला.

घरी आलो तर आई खाटेवर उठून बसलेली. "आज तरी बोलावलं का?"

"बोलावलं," मी म्हणालो. "सगळ्यात आधी."

आई खुश झाली. पोरगी माझ्याकडं न बघता ताट घेऊन बसली. मी खरंच मागून जेवलो.