भिंत देशाची, अंगण फिरंतीन दीदीचं

किस्से काही कोणी ठरवून जमवत नाही. एखाद्या समितीचं सदस्य व्हायचं, बैठकांना न चुकता जायचं आणि समोर येईल तो चहा प्यायचा. किस्से मग आपल्या पायांनी घरी येतात. आमच्या किला समितीचे इतके जमलेत, की चौबे कॉलनीत कोणाकडे बारसं असो की हळदीकुंकू, बायका मला धरून बसवतात. "वहिनी, तो नारळाचा सांगा ना." मी सांगते. त्या हसतात, मीही हसते. मग घरी येऊन पाय धुताना लाज वाटते. हसू आधी आणि लाज मागून, असं किती दिवस चालवायचं? म्हणून आज सगळे एकदमच सांगून टाकते.

राज्य नवीन झालं तेव्हाच्या ह्या गोष्टी. रायपूर राजधानी झालं आणि सगळ्यांनाच एकाएकी जुन्याची आठवण आली. राजधानी म्हटली की किल्ला पाहिजे. आमच्याकडे तो होता, म्हणजे कधीकाळी होता. बूढापारा ओलांडून तलावाच्या अंगानं गेलं की किलापारा नावाची वस्ती लागते. किल्ल्याचं नाव तेवढं उरलं, आणि एक भिंत. काळ्या दगडाची, पुरुषभर उंचीची. ही भिंत म्हणजे फिरंतीन दीदीच्या अंगणाची मागची बाजू. दीदी त्या अंगणात कोहळ्याचे सांडगे वाळवते, तिकडे त्यांना रखिया बड़ी म्हणतात, आणि सदर बाजारात नेऊन विकते.

सरकारनं ठरवलं, किलापारा पुन्हा उभा करायचा, सगळ्यांचा सामायिक वारसा म्हणून. त्यासाठी समिती नेमली. अध्यक्ष खोलकुटे काका, रेल्वेतून रिटायर झालेले. साहू सर, कॉलेजात इतिहास शिकवणारे. मेश्राम भाऊ, वीज खात्यातले. आणि सचिव मी, कारण मला हिंदीत कार्यवृत्त लिहिता येतं.

आम्ही यायच्या थोडंच आधी दीदीनं अंगणात संडास बांधायला काढला होता. पोराचं लग्न झालं होतं, लछमीन नावाची सून घरात आली होती. विटा येऊन पडल्या, खड्डा अर्धा झाला, आणि पुरातत्त्व खात्याची नोटीस आली: ऐतिहासिक भिंतीजवळ खोदकाम बंद. घरातल्या बायका तलावाच्या त्या टोकाला सार्वजनिक संडासात जायच्या, उजाडायच्या आत, रांग लावून. परवानगी मिळायची तर समितीची शिफारस पाहिजे होती. म्हणजे आमची. हे एवढं ध्यानात ठेवा, बाकी सगळं सोपं आहे.

* * *

पहिली बैठक दीदीच्याच अंगणात झाली, कारण किल्ला तिथंच होता. विषय एकच: किल्ला कोणाचा?

काका म्हणाले, "भोसल्यांचा. विषय संपला."

साहू सर म्हणाले, "काकाजी, भोसले तो बाद में आए. उसके पहले कलचुरी थे."

"तुमच्या कलचुरींचा एक दगड दाखवा मले."

"आप भोसलों का दिखाइए."

भिंत दोघांच्या मध्ये उभी होती. तिच्यावर कोणाचंच नाव नव्हतं. दोघं चहा थंड होईपर्यंत भांडले, मग पुन्हा गरम करून आणलेला चहाही थंड झाला. शेवटी मी सुचवलं की किल्ला सगळ्यांचा असं लिहू. ठराव एकमतानं पास झाला. दीदी ग्लास उचलायला आली होती. तिनं हळूच विचारलं, "भैया, किला काखरो रहय. हमर संडास बर का होइस?" किल्ला कोणाचाही असो, आमच्या संडासाचं काय झालं, असं.

काका म्हणाले, "बाई, आज तत्त्वाचा विषय आहे."

मेश्राम भाऊ म्हणाले, "सगळ्यांचा म्हंजे दीदीचा पण ना काका?"

"मेश्राम, बैठक भरकटवून राहिले तुम्ही."

कार्यवृत्तात मी ठराव लिहिला. दीदीचा प्रश्न लिहिला नाही. तो विषयपत्रिकेत नव्हता.

* * *

आता नारळाचा किस्सा. किल्ला सगळ्यांचा ठरला तरी काकांचं मन काही मानेना. एका रविवारी ते कॉलनीतली मराठी मंडळी घेऊन किलापाऱ्यात गेले. फेटे, हार, ताशा, सगळं बरोबर. भिंतीला भला मोठा हार घातला, आरती केली. मग काकांनी नारळ उचलला आणि जोरात भिंतीवरच फोडला.

नारळ फुटला. भिंतीचाही टवका उडाला, चांगला तळहाताएवढा. ज्या भिंतीजवळ दीदीला कुदळ लावायला बंदी, तिला आम्ही ताशा वाजवून फोडली.

काका कसनुसे झाले. मग त्यांनी हार थोडा सरकवून त्या जागेवर घेतला आणि म्हणाले, "वहिनी, आता काढा फोटो." मी काढला. फोटो फार छान आला, वर्तमानपत्रात पण छापून आला. दीदीनं खोबऱ्याचे तुकडे वेचले, धुतले, बारीक केले आणि साखर घालून सगळ्यांना प्रसाद वाटला. तो आम्ही खाल्ला.

* * *

खात्याला वाटलं, भिंत रात्री उठून दिसली पाहिजे. मोठे फोकस लाइट बसवले. संध्याकाळी लागायचे ते सकाळी बंद व्हायचे. काका मुद्दाम स्कूटर काढून बघायला आले. "काय सुंदर दिसून राहिली भिंत," म्हणाले. आम्ही सगळे हो हो म्हणालो, कारण खरंच सुंदर दिसत होती.

दीदी माझ्याजवळ येऊन उभी राहिली. "बहिनी, एक बात कहंव?"

"बोल ना."

"हमन अंधियार म इही भिथिया के आड़ म नहावन." अंधारात ह्या भिंतीच्या आडोशाला आम्ही आंघोळ करायचो, म्हणाली. "अब कहां नहाबो?"

मी काकांना सांगितलं, काकांनी खात्याला सांगितलं, खात्यानं सांगितलं की लाइट मंजूर आराखड्यात आहेत. मेश्राम भाऊंनी मात्र कोणालाच काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर ते शिडी घेऊन आले आणि आंघोळीच्या बाजूच्या लाइटवर पोतं बांधून गेले. वीज खात्याचा माणूस, त्यांना कोण अडवणार? पुढच्या बैठकीत काकांनी विषय घेतला: वारशाची विटंबना. पोतं कोणी बांधलं याची चौकशी करायला उपसमिती नेमायचं ठरलं. उपसमितीचे अध्यक्ष मेश्राम भाऊ. चौकशी अजून चालू आहे.

* * *

मग हेरिटेज वॉक सुरू झाला. दर रविवारी सकाळी कॉलनीतली मंडळी टोप्या घालून, पाण्याच्या बाटल्या घेऊन यायची. साहू सर पुढे, आम्ही मागे. लोकांच्या दारातून आत बघत बघत चालायचं. एका बाईंनी दीदीच्या वाळत घातलेल्या बड्यांचा जवळून फोटो काढला आणि मला विचारलं, "हे पण त्याच काळातलं आहे का?" मी म्हटलं, नाही, परवाचं आहे.

त्याच रविवारी एका घरची पोट्टी, असेल कॉलेजातली, कासावीस होऊन दीदीला म्हणाली, "आंटी, वॉशरूम किधर है?"

दीदीनं हात लांब केला. "तरिया के ओ पार."

तलावाच्या पलीकडे. पोट्टी गेली. परत आली तेव्हा तोंड पार उतरलं होतं. आईचा हात धरून सरळ गाडीत जाऊन बसली. मला वाटलं, चला, निदान आता तरी विषय निघेल. आमच्याच कॉलनीतली पोर होती ना.

विषय निघाला. बैठकीत बराच वेळ चर्चा झाली. वॉकच्या सूचनांमध्ये एक सूचना वाढवायचं ठरलं आणि ती मीच माझ्या अक्षरात लिहिली: सहभागी होणाऱ्यांनी कृपया घरूनच मोकळे होऊन यावे.

* * *

मेश्राम भाऊ चिवट माणूस. प्रत्येक बैठकीत शेवटी हात वर करायचे. "अध्यक्षांच्या परवानगीनं, फिरंतीन दीदीचा संडास."

काका कपाळाला हात लावायचे. काका वाईट नाहीत हो. कॉलनीत कोणी आजारी पडलं तर डबा घेऊन पहिले तेच जातात. पण त्यांना तो शब्द सहन व्हायचा नाही. "अरे, वर दिल्लीला जातात आपले ठराव. तिथं संडास काय लिहून पाठवता? काहीतरी बरं लिहा."

मेश्राम म्हणाले, "बरं कसं लिहू? आपण घरी काय म्हणतो?"

"घरचं वेगळं."

शेवटी काकांनीच तोडगा काढला. लिहिलं, किलापाऱ्यातील रहिवाशांसाठी आवश्यक सुविधा. मेश्राम भाऊंनी नाइलाजानं मान हलवली. लछमीनला तेव्हा दिवस गेले होते, म्हणून भाऊंना घाई होती. ठराव गेला, आणि खरं सांगते, मंजूर पण झाला. एक दिवस टेम्पो आला आणि दीदीच्या अंगणात आवश्यक सुविधा उतरवून गेला. सिमेंटचा बाक होता. पाठीला टेकायला जागा, त्याच्यावर खात्याचं नाव.

दीदी बाकाकडे बघत राहिली. मग तिनं त्याच्यावर स्वच्छ धुतलेलं धोतर अंथरलं आणि बड्या वाळत घातल्या. मेश्राम भाऊ त्या दिवशी चहा न पिता निघून गेले.

* * *

आणि हा शेवटचा. हा मी हळदीकुंकवात सांगत नाही.

दिल्लीहून मॅडम येणार असं कळलं. त्या पसंत करतील तर किलापारा राष्ट्रीय वारशात जाणार होता. पाहुणी मोठी होती, कार्यक्रम लांब होता आणि दौऱ्याच्या कागदात स्पष्ट लिहिलं होतं: स्थळाजवळ स्वच्छ प्रसाधनगृह असावे. खात्याचे साहेब आले, इकडेतिकडे बघितलं आणि बोट दाखवलं. इथं. दीदीच्या अंगणात, भिंतीला लागून. जिथं तिचा अर्धा खड्डा होता, तिथंच.

मिस्त्री आले, कुदळी आल्या. कोणाला परवानगी लागली नाही. बघता बघता पांढऱ्या टाइल्सचा संडास उभा राहिला. कमोड, आरसा, बेसिन, साबणाची वडी सुद्धा. किलापाऱ्यातल्या बाया येऊन बघून जात होत्या. दीदीचा चेहरा असा फुलला होता, की मला वाटलं, चला, एकदाचं झालं. तिनं साहेबांना विचारलं, "साहेब, ये हमर बर आय ना?" हे आमच्यासाठीच ना, असं.

साहेब म्हणाले, "पहले मैडम को आने दो, फिर देखेंगे." आणि कुलूप लावून किल्ली माझ्या हातात दिली. "सचिव मैडम, कोई गंदा न करे."

आदल्या दिवशी मी दाराला तोरण बांधायला गेले होते. लछमीन माझ्याजवळ आली. दिवस भरत आले होते, पाय सुजले होते, चालताना कमरेवर हात ठेवायची. हिंदीत म्हणाली, "चाची, बस एक बार खोल दो न. उतना दूर चला नहीं जाता."

मी म्हटलं, "अगं, उद्या मॅडम येऊन जाऊ दे, मग तुमचंच आहे." असं म्हणाले मी. माझीही बाळंतपणं झाली आहेत, तरी असं म्हणाले. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि तलावाच्या रस्त्यानं हळूहळू चालायला लागली.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. साधी सुती साडी, बोलायला गोड. भिंतीवरून हात फिरवला. साहू सरांनी कलचुरी सांगितले, काकांनी भोसले सांगितले, दोघांनी एकमेकांना बोलू दिलं. मॅडम फार खूश झाल्या. दीदीचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाल्या, "ये दीवार सिर्फ़ आपकी नहीं, पूरे देश की है." दीदी म्हणाली, "हव." मग मॅडमनी विचारलं, "आपको यहाँ कोई तकलीफ़ तो नहीं?"

दीदीनं तोंड उघडलं. त्याच्या आधी काका बोलले, "तकलीफ कैसी मैडम, इनको तो गर्व है."

मेश्राम भाऊंनी खाली बघितलं. मी पण खाली बघितलं.

थोड्या वेळानं मॅडमच्या सहायक बाई माझ्या कानाशी लागल्या. मी लगबगीनं पर्समधून किल्ली काढली, कुलूप उघडलं, नळ सोडून बघितला. नळाला पाणी नव्हतं. टाकी वर चढवली होती, तिला पाइप जोडायचा राहिला होता. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मी काकांकडे. आम्ही असे एकमेकांकडे बघतोय तोवर लछमीन हँडपंपावरून बादली भरून घेऊन आली. एका हातात बादली, दुसरा हात कमरेवर. मेश्राम भाऊ धावले, तिच्या हातून बादली घेतली आणि आत नेऊन ठेवली.

मॅडम आत गेल्या. आम्ही सगळे बाहेर उभे होतो, किल्ल्याची समिती. लछमीन भिंतीला टेकून उभी होती.

मॅडम बाहेर आल्या, रुमालानं हात पुसले आणि दीदीला म्हणाल्या, "कितना साफ़ रखा है आपने! बहुत अच्छा लगा."

दीदीच्या आवाजात राग नव्हता. कोणी घराचा पत्ता विचारावा आणि आपण सांगावा, तसं तिनं सांगितलं.

"साफ तो रहिबे करही मैडम. हमन ला भीतर जाय बर मना हे. चाबी ए बहिनी के पर्स म रहिथे."