विळा न घेता माळावर

मैत्रिणींनो, आज सकाळी मी माळावर एकटीच जाऊन बसले. काही काम नव्हतं, हातात विळासुद्धा नव्हता.

आमच्या वस्तीच्या चारी बाजूंनी ऊस, दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. इंदापूरच्या बाजूच्या या माळावर मात्र नजर लांबवर जाते. थोड्या वेळानं समोरच्या गवतात एक चिंकारा येऊन उभा राहिला. आम्ही एकमेकांकडं बघत होतो.

तेवढ्यात भावकीतल्या तात्यांनी रस्त्यावर गाडी थांबवून हाक मारली, "सूनबाई, घरात भांडण झालं का?"

चिंकारा पळाला.

"न्हाय तात्या, नुसती बसलेय."

"नुसती? हितं काय हाय बसायला?" म्हणत त्यांनी तिथूनच माझ्या नवऱ्याला फोन लावला.

घरी आले तर सासूबाई दारातच उभ्या. हळूच म्हणाल्या, "विळा तरी न्यायचा, म्हंजी कुणी इचारत न्हाय. मी जल्मभर तेच केलं."

दुपारभर गवत कापायला जाऊन त्या एवढासाच भारा का आणायच्या, ते मला आज कळलं.

उद्या मी परत जाणार आहे, विळा घरीच ठेवून. तात्यांनी खुशाल गावभर फोन लावावेत.

तुमच्यापैकी किती जणी अजून विळा घेऊन निघता?