गोळीला गुंडाळलेलं धोतर

आमच्या घरी ठासणीची बंदूक आहे. पिकाच्या राखणीसाठी मिळालेला परवाना आधी आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, नावावर होता. ते गेल्यावर बरेच खेटे घातले तेव्हा तो माझ्या नावावर झाला. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की परत आणायची, दसऱ्याला तिला झेंडूची माळ घालायची. एवढाच काय तो तिचा थाट.

आबांनी तिच्यातून कधी कुठल्या जनावरावर गोळी झाडली नाही. रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप हरभऱ्यात शिरला की ते पोकळ बार काढायचे. नळीत नुसती दारू आणि वरून चिंधीचा बोळा. आवाज व्हायचा, धूर व्हायचा, रोही पळायचे आणि दोन दिवसांनी परत यायचे. आमच्याकडे रोह्याला गायीच्या जातीचा समजतात. त्याला मारायचं म्हटलं की माणसं आधी कानाला हात लावतात.

मी मात्र धुळ्याला नोकरी करून, निवृत्त होऊन शेतावर परतलेला. मला आबांची रीत भाबडी वाटायची. त्यात शेजारच्या शेतातले आमचे चुलतभाऊ नाना. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे आणि जिभेला हाड नाही. मी बार काढला की बांधावरून म्हणायचे, "दिवाळी उनी का रे भो?" माझ्या बाराला फटाका ठरवून चारचौघांत हसायचे. मीही हसायचो आणि घरी येऊन जेवताना बायकोवर चिडायचो.

गेल्या वर्षी रोह्यांनी मका पार झोपवला. वनखात्याकडे अर्ज केला, पंचनामा झाला, आणि एक रोही मारायची परवानगी मिळाली. तो कागद हातात आला आणि माझ्या अंगात वारं शिरलं. म्हटलं, आता नानांना दाखवतो बंदूक म्हणजे काय असते.

पण ठासणीच्या बंदुकीला तयार काडतूस नसतं. दारू, चिंधी, गोळी, सगळं आपल्या हातानं नळीत भरायचं आणि गजानं ठासायचं. जसं भरणार तशी ती मारणार. मी तेलाच्या डब्याचा पत्रा सरळ करून विहिरीच्या मातीच्या ढिगाला टेकवला, त्यावर चुन्याचा गोल काढला आणि खाटेवर बंदूक टेकवून रोज सकाळी नेम धरायला लागलो. पहिल्या गोळ्या कुठे गेल्या ते त्या ढिगालाच ठाऊक. मग मी हट्टाला पेटलो. ओळखीच्या सोनाराकडून जुना काटा आणला आणि दारू तोलून भरायला लागलो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तेच ठेवायचं, असा नेम केला. नोकरीत मी इतका काटेकोर कधीच नव्हतो.

दारूचं जमलं, गोळीचं जमलं, घोडं अडलं चिंधीपाशी. गोळीभोवती तेलात भिजवलेली कापडाची चकती गुंडाळतात. ती जाड झाली तर गोळी नळीत अडते, पातळ झाली तर खुळखुळते. मांजरपाट जाड निघाला. माझ्या जुन्या शर्टाचं टेरिकॉट आत वितळून चिकटलं, ते खरवडण्यात अख्खी दुपार गेली. बायकोच्या परकराचा तुकडा चालेलसा वाटला, पण तिनं वेळीच पाहिलं. नाना बांधावर बसून सगळं बघत होते. म्हणाले, "रोही पत्रा नही खास, भो." रोही पत्रा खात नाही, हे मलाही ठाऊक होतं.

त्या दिवशी मला आबांचं धोतर आठवलं.

मायच्या, म्हणजे माझ्या आईच्या, पत्र्याच्या पेटीत ते ठेवलेलं होतं. बारीक लाल काठाचं, अमळनेरच्या बाजारातून घेतलेलं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. आबांनी ते जिवंतपणीच स्वतः धुऊन, घडी करून मायकडे दिलं होतं आणि सांगितलं होतं, "हाई पणतूले." आमच्याकडे बाळाच्या अंगाला पहिले काही दिवस नवं कापड लावत नाहीत. घरातल्या पिकल्या माणसाचं जुनं धोतर लागतं. ते मऊ असतं, आणि त्या माणसाचं आयुष्य बाळाला लागतं म्हणतात. माझ्या मुलीला तेव्हा दिवस गेलेले होते, पहिलं बाळंतपण आमच्याकडेच होणार होतं. म्हणजे ते धोतर कशासाठी आहे हे मला माहीत होतं. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोयच नाही.

माय देवळात गेली होती. मी पेटी उघडली. आधी वाटलं, टोकाची एक पट्टी घ्यावी, कोणाला कळणार आहे. पण टोकाचं कापड मधल्याइतकं झिजलेलं नव्हतं. नेमकं मापाचं, बोटांत धरलं की कळावं असं, ते मधलंच होतं. मग मी घडीचा वरचा पदर उलगडला, आतल्या पदरांवर नाणं ठेवून एकदमच चकत्या कापल्या, कमी पडू नयेत म्हणून आतूनच काठासकट एक पट्टीही घेतली, आणि घडी होती तशी परत घातली. वरून ती शाबूत दिसत होती. पेटी लावून मी बायकोकडे निवांत चहा मागितला, हे आठवलं की आजही कानशिलं तापतात.

दुसऱ्या दिवशी गोळ्या चुन्याच्या गोलात बसल्या. एकीला लागून एक. मी पत्रा उचलून नानांच्या बांधावर नेला. त्यांनी भोकांवरून बोट फिरवलं आणि पहिल्यांदाच काही बोलले नाहीत. मला आभाळ ठेंगणं झालं.

हरभरा घाट्यावर आला, दाणे भरू लागले, तेव्हा रोही आले. ऊन तिरपं झालं होतं. माझ्या बांधाच्या अलीकडे एक मोठा निळसर नर मान वर करून उभा होता. मी बार काढला. धूर विरला तेव्हा तो खाली होता. पाय झाडले, आणि थांबला. गोळी जिथे लागायला हवी तिथेच लागली होती.

मला वाटलं होतं, लोक धावत येतील आणि पाठ थोपटतील. लोक आले. पण येऊन गोल करून उभे राहिले, आणि नानांनी डोक्यावरची टोपी काढली. वनखात्याच्या माणसांना फोन मीच केला. तेवढ्यात माय आली, हातात पाण्याचा तांब्या आणि हळदकुंकवाची डबी घेऊन. तिनं रोह्याच्या तोंडात पाणी सोडलं, कपाळाला कुंकू लावलं. उठताना तिचं लक्ष सरीत पडलेल्या एका करपलेल्या चिंधीकडे गेलं. गोळीसोबत नळीतून उडालेली ती चकती होती. कडेला लाल काठाचा तुकडा होता.

मायनं ती उचलली. दोन बोटांत धरून चोळली. पन्नास वर्षं ज्या हातांनी आबांची धोतरं धुतली, त्यांना आणखी काही सांगावं लागत नाही.

"हाई तुना आबानं धोतर शे ना?"

"हाव, माय."

"कसाले?"

"गोळीले," मी म्हणालो.

तिनं ती चिंधी पदराच्या टोकाला बांधली आणि घरी गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं. संध्याकाळी तिनं पेटी उघडलेली मी ओट्यावरून ऐकली. जेवायला तिनंच हाक मारली आणि माझ्या ताटात नेहमीसारखी भाकरीवर तेल-चटणी वाढली.

पुढे मुलगी आली, बाळंतीण झाली, मुलगा झाला. बारशाला घर भरलं. पाळण्यात बाळाखाली आबांचं धोतर होतं. दुहेरी केलेलं, आणि मायच्या हिरव्या लुगड्याची गोल गोल ठिगळं लावलेलं. घडी घालून कापलेलं असल्यामुळे भोकं एका ओळीत, सारख्या अंतरावर पडली होती. ठिगळंही तशीच ओळीनं बसली होती. डोळ्यांनी अधू झालेल्या बाईनं इतके बारीक टाके कधी घातले कोण जाणे.

विहीणबाईंनी कौतुकानं हात फिरवला आणि विचारलं, "ही नक्षी हो कसली?"

मी दाराशी पानाचं तबक घेऊन उभा होतो. माझ्या मुलीनं आजीकडे पाहिलं. मुलीलाही माहीत नव्हतं.

"उंदीरनी कुरतडं," माय म्हणाली.

बायका हळहळल्या. एकीनं उंदराला शिव्या घातल्या, मेल्याला दुसरं काही मिळालं नाही का म्हणाली. दुसरी म्हणाली, बाळाचं आयुष्य कुरतडायला निघाला होता. नाना ओसरीवरून मोठ्यानं म्हणाले, "घरमा बंदूक शे, नी उंदीर धोतर खाई जास?" सगळे हसले. नानांच्या बोलण्याला हसायची इतक्या वर्षांची सवय, त्यामुळे मीही हसलो. माझं हसणं सगळ्यांत मोठं होतं.

माय हसली नाही. ठिगळावरची सुरकुती सारखी करत ती म्हणाली, "आते तो उंदीर येत नही."

मग तिनं पाळण्याची दोरी माझ्या हातात दिली. "हालाव," म्हणाली. मी तबक खाली ठेवलं आणि बाळाकडे न बघता पाळणा हलवायला लागलो.